ॲल्युमिनियम मिश्रधातूंतील अवक्षेपण

उच्च तापमानास ॲल्युमिनियमात विरघळलेली तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन, जस्त यांसारखी मूलद्रव्ये तापमान उतरल्यावर किंवा नंतर मंदपणे पुन्हा तापविल्यावर अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळी होण्याची क्रिया. अशा कणांना अवक्षेप म्हणतात. पाण्यात तयार होणारा साका तळाशी बसतो. परंतु धातूमध्ये ही सर्व क्रिया घन अवस्थेत होत असल्याने अवक्षेप जेथे निर्माण होतात तेथेच धातूत रुतून राहतात. त्यांचा आकार, संख्या व त्यांमधील अंतर यांवर मिश्रधातूचे बल अवलंबून असते. अनुशीतित (तापवून सावकाश थंड केलेल्या) व्यापारी शुद्ध ॲल्युमिनियमाचे शरणबल (ज्या प्रतिबलापलीकडे धातू कायमची विरूपित होऊ लागते ते) सुमारे ३५ मेगॅपास्काल असते. विमानांच्या सांगाड्यांत वापरल्या जाणाऱ्या जस्त-मॅग्नेशियम-तांबेयुक्त मिश्रधातूचे शरणबल ५०० मेगॅपास्कालपर्यंत जाते. या फरकाचा फार मोठा भाग साध्या डोळ्यांना किंवा प्रकाशीय सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या अवक्षेपांमुळे पडतो. हे कण कायमचे स्थिर नसतात. सर्वाधिक बल देणारी त्यांची अवस्था ही एका अपूर्ण क्रियेतील मधली पायरी असते आणि त्या पायरीवर क्रिया थांबवून धरणे हाच ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या उष्णता संस्करणाचा गाभा आहे.

इतिहास : जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेट व्हिल्म (१८६९–१९३७) हे बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबेर्ख येथील संशोधन केंद्रात ॲल्युमिनियमास पोलादाप्रमाणे तापवून व पाण्यात बुडवून कठीण करता येईल काय, याचा शोध घेत होते. सुमारे ४% तांबे व ०·५% मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू तापवून पाण्यात बुडविल्यावर त्यांना ती अपेक्षेइतकी कठीण झालेली आढळली नाही. तोच नमुना काही दिवस तसाच ठेवून पुन्हा तपासला असता मात्र त्याचे काठिण्य बरेच वाढलेले दिसले. पोलादाचे काठिण्य बुडविताक्षणीच येते. येथे ते कोणतीही क्रिया न करता, नुसत्या काळाच्या ओघात आले होते. १९०६ च्या सुमारास लागलेल्या या शोधाला कालकठिनीकरण असे नाव मिळाले. व्हिल्म यांनी आपले हक्क ड्यूरेन येथील कारखान्यास दिले व ही मिश्रधातू ड्युरॅल्युमिन या नावाने बाजारात आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात झेपेलिन वायुयानांचे सांगाडे आणि त्यानंतर धातूची विमाने तिच्यापासून बनविण्यात आली.

व्हिल्म यांना सूक्ष्मदर्शकाखाली कठीण होण्यापूर्वीच्या व नंतरच्या नमुन्यांत कोणताही फरक दिसला नाही, त्यामुळे या घटनेचे कारण दशकभर गूढच राहिले. अमेरिकेच्या मानक संस्थेतील पॉल मेरिका व त्यांचे सहकारी वॉल्टनबर्ग आणि स्कॉट यांनी १९१९ साली त्याचा उलगडा केला. तापमान उतरते तशी ॲल्युमिनियमातील तांब्याची विद्राव्यता (विरघळण्याची क्षमता) घटते, म्हणून थंड केलेल्या मिश्रधातूतील जादा तांबे अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडत असले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे कण त्यांनी पाहिलेले नव्हते. केवळ समतोल आकृतीवरून (तापमान व संघटन यांनुसार कोणत्या अवस्था स्थिर असतात हे दाखविणाऱ्या आकृतीवरून) हे अनुमान त्यांनी काढले होते. या अनुमानामुळे संशोधनाला दिशा मिळाली. ज्या धातूत दुसऱ्या मूलद्रव्याची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते, तेथे अशा कठिनीकरणाची शक्यता असते, हे लक्षात आल्यावर पुढील काही वर्षांत अनेक नव्या मिश्रधातू हाती लागल्या.

प्रत्यक्ष पुरावा १९३८ साली मिळाला. फ्रान्समधील आंद्रे गिन्ये (१९११–२०००) व इंग्लंडमधील जॉर्ज डॉसन प्रेस्टन (१८९६–१९७२) या दोघांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने कालकठिनीकरण झालेल्या ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूचे परीक्षण केले. छायाचित्रांत उमटलेल्या अंधुक रेषांवरून तांब्याचे अणू विशिष्ट प्रतलांवर एकत्र येऊन अत्यंत पातळ चकत्या बनवितात, असा निष्कर्ष दोघांनीही काढला. या अणुसमूहांना गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे असे म्हणतात. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती प्रत्यक्ष दिसली.

ही घटना व्हिल्म यांच्या शोधाआधीही नकळत उपयोगात आली होती. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाच्या एंजिनाचे कवच सुमारे ८% तांबे असलेल्या ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूचे होते. फ्रँक गेल व मार्था गुडवे यांनी त्याचे परीक्षण करून १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार या कवचात गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे आढळली. त्यांतील १० ते २२ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) व्यासाची मोठी क्षेत्रे ओतकामाच्या पद्धतीमुळेच निर्माण झालेली होती.

तत्त्व : ॲल्युमिनियम-तांबे ही प्रणाली सर्वांत अधिक अभ्यासली गेली असल्यामुळे तिच्या आधारे ही क्रिया समजून घेणे सोयीचे ठरते. ५४८° से. तापमानास घन ॲल्युमिनियमात वजनाने ५·६५% पर्यंत तांबे विरघळू शकते. २५०° से. च्या आसपास ही मर्यादा एक टक्क्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी उतरते आणि सामान्य तापमानास ती जवळजवळ नगण्य असते. ४% तांबे असलेली मिश्रधातू ५२०° ते ५४०° से. पर्यंत तापविल्यास सर्व तांबे विरघळून एकजिनसी घन विद्राव मिळतो. त्यात तांब्याचे अणू ॲल्युमिनियमाच्या स्फटिक जालकातील (अणूंच्या नियमित जाळीतील) काही जागा व्यापून विखुरलेले असतात.

हा विद्राव सावकाश थंड केला, तर तांब्याच्या अणूंना सरकण्यास भरपूर अवधी मिळतो. ते मुख्यतः स्फटिककणांच्या सीमांवर जमतात आणि दोन ॲल्युमिनियम अणूंमागे एक तांब्याचा अणू असलेल्या संयुगाचे जाडेभरडे कण तयार होतात. अशी मिश्रधातू मऊ असते. याउलट तापलेली मिश्रधातू एकदम पाण्यात बुडवून द्रुतशीतन केले, तर अणूंना हालचालीस वेळच मिळत नाही व तांबे विरघळलेल्या स्थितीतच अडकून पडते. या अतिसंतृप्त घन विद्रावात समतोलाच्या मानाने कितीतरी पट अधिक तांबे असते. ते बाहेर पडण्याची प्रवृत्ती प्रबळ असते, परंतु थंड धातूत अणूंची गती अतिशय मंद असते. या दोन परस्परविरोधी गोष्टींवर पुढील सर्व क्रिया अवलंबून राहते.

द्रुतशीतनाने आणखी एक गोष्ट साधते. उच्च तापमानास जालकातील काही जागा रिक्त असतात. वितळबिंदूच्या जवळपास ॲल्युमिनियमात दर हजार जागांमागे सुमारे एक जागा रिक्त असते. सामान्य तापमानास हे प्रमाण फारच अल्प असावयास हवे, परंतु एकाएकी थंड केल्यामुळे ही रिक्त स्थानेही जागच्या जागी गोठून राहतात. अणू सरकतो तो शेजारच्या रिक्त जागेत उडी घेऊन. म्हणून अशा धातूत तांब्याच्या अणूंचे विसरण (एका जागेहून दुसऱ्या जागी पसरत जाण्याची क्रिया) एरवीपेक्षा कोट्यवधी पटींनी जलद होते. व्हिल्म यांच्या नमुन्यात कोणतीही उष्णता न देता काही दिवसांतच बदल घडून आला, याचे कारण हे आहे.

अवक्षेपांच्या अवस्था : स्थिर संयुगाचा कण घन विद्रावात एकदम निर्माण होत नाही. त्याच्या अणुरचनेचा ॲल्युमिनियमाच्या जालकाशी मेळ बसत नसल्याने दोहोंमध्ये नवे आंतरपृष्ठ निर्माण करावे लागते व त्यास बरीच ऊर्जा लागते. अतिसूक्ष्म कणात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो, म्हणून असा अंकुर वाढण्यापूर्वीच विरघळून जाण्याचा संभव अधिक असतो. त्याऐवजी सभोवतालच्या जालकाशी जुळणाऱ्या, म्हणजे सुसंगत, रचना आधी निर्माण होतात, कारण त्यांना ऊर्जेचा अडथळा कमी असतो. त्यामुळे अतिसंतृप्त विद्राव पायऱ्यापायऱ्यांनी समतोलाकडे जातो. मधल्या पायऱ्यांवरील रचना मितस्थायी असतात, म्हणजे त्या काही काळ टिकतात, परंतु संधी मिळताच अधिक स्थिर रचनेस जागा करून देतात.

ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूत या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात. (१) प्रथम गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे निर्माण होतात. ही क्षेत्रे एका अणूच्या जाडीच्या व काही नॅनोमीटर व्यासाच्या चकत्या असून त्या घनाकार जालकाच्या फलकांना समांतर असतात. तांब्याच्या अणूची त्रिज्या ०·१२८ नॅनोमीटर व ॲल्युमिनियमाची ०·१४३ नॅनोमीटर असल्यामुळे चकतीच्या दोन्ही बाजूंचे जालक तिच्याकडे ओढले जाऊन ताणले जाते. (२) त्यानंतर येणाऱ्या अवस्थेला थीटा द्विप्रास असे म्हणतात. तीत तांबे व ॲल्युमिनियम यांचे थर ठराविक क्रमाने रचलेले असतात. हे कण अधिक जाड असूनही सुसंगत असतात व त्यांच्याभोवतीचा ताण दूरवर पसरतो. (३) थीटा प्रास या अवस्थेतील कणांच्या रुंद पृष्ठांचा जालकाशी मेळ असतो, पण कडांचा नसतो. म्हणजे ते अंशतः सुसंगत असतात. हे कण स्थानभ्रंशांवर (जालकातील रेषारूप दोषांवर) सहज उगवतात. (४) शेवटी थीटा हे स्थिर व पूर्णतः विसंगत संयुग येते व जालकातील ताण नाहीसा होतो.

प्रत्येक मिश्रधातूत या सर्व पायऱ्या याच क्रमाने आल्याच पाहिजेत असे नाही. तापमान जास्त असल्यास आरंभीच्या पायऱ्या गाळल्या जातात, कारण प्रत्येक रचनेला ठराविक तापमानापलीकडे अस्तित्व नसते. सामान्य तापमानास कठीण झालेली मिश्रधातू थोडा वेळ सुमारे २००° से. पर्यंत तापविली, तर गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे विरघळतात आणि ती पुन्हा मऊ होते. यास प्रत्यावर्तन असे म्हणतात.

बल वाढण्याचे कारण : धातू वाकते किंवा ताणली जाते तेव्हा तिच्यातील अणूंचे थर एकमेकांवरून एकदम न घसरता स्थानभ्रंशांच्या सरकण्याने क्रमाक्रमाने घसरतात. गालिचा सबंध ओढण्याऐवजी त्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेल्यास तो कमी श्रमात सरकतो, तसेच हे आहे. ही कल्पना टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे मांडली. स्थानभ्रंशांची वाट अडविणारी कोणतीही गोष्ट धातूचे बल वाढविते.

अवक्षेप ही वाट दोन प्रकारे अडवितात. कण लहान व सुसंगत असेल, तर स्थानभ्रंश त्यास कापून पलीकडे जाऊ शकतो. परंतु त्यासाठी त्याला कणाभोवतालच्या ताणाशी झुंजावे लागते व कणातील अणूंची व्यवस्था मोडावी लागते. कण जसजसे वाढतात तसतसे त्यांना कापणे अवघड होत जाते व बल वाढत जाते. कण मोठे व विसंगत झाले, की स्थानभ्रंश त्यांना कापत नाही. दोन कणांमधील फटीतून तो धनुष्याप्रमाणे वाकून निसटतो व प्रत्येक कणाभोवती एक वलय मागे ठेवून जातो. ही यंत्रणा हंगेरीत जन्मलेले ओरोवान यांनी १९४८ साली स्पष्ट केली. फटीतून जाण्यास लागणारे प्रतिबल हे कणांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास अडथळा जवळजवळ निम्मा होतो.

म्हणून कापणे व वळसा घालणे या दोन्ही वाटा स्थानभ्रंशाला सारख्याच अवघड होतात तेथे बलाचे शिखर येते. त्या वेळी एका घन सेंटिमीटरमध्ये कोट्यवधी अब्ज कण असतात व त्यांमधील अंतर काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असते. शिखर ओलांडल्यावर एकूण अवक्षेपाचे प्रमाण फारसे बदलत नाही, पण लहान कण विरघळून त्यांचे अणू मोठ्या कणांना जाऊन मिळतात. कणांची संख्या घटते, अंतर वाढते व धातू मऊ पडत जाते. या अवस्थेला अतिपक्वन असे म्हणतात.

उष्णता संस्करण : व्यवहारात हे संस्करण तीन टप्प्यांत केले जाते.

(१) विद्रावन : सर्व विद्राव्य मूलद्रव्ये विरघळतील, परंतु धातूचा कोणताही भाग वितळणार नाही, अशा तापमानास मिश्रधातू ठेवतात. ॲल्युमिनियम-तांबे प्रकारात या दोन मर्यादांमधील पट्टा अतिशय अरुंद असल्याने भट्टीचे तापमान काही अंशांच्या आत राखावे लागते. तापमान कमी पडल्यास पुरेसे तांबे विरघळत नाही. जास्त झाल्यास कणसीमा वितळतात व तो भाग कायमचा निकामी होतो.

(२) द्रुतशीतन : साधारणपणे ४००° ते २९०° से. हा पट्टा सर्वांत धोक्याचा असतो. त्याहून वर अवक्षेपणाची प्रवृत्ती कमी असते व त्याहून खाली अणूंची गती कमी असते. या पट्ट्यात मात्र दोन्ही पुरेशा असतात. म्हणून भट्टीतून काढलेला भाग काही सेकंदांच्या आत पाण्यात बुडवावा लागतो. विलंब झाल्यास कणसीमांवर जाड अवक्षेप जमतात, सीमेलगत अवक्षेपरहित पट्टा तयार होतो आणि पुढे त्या सीमेने क्षरण (गंजण्याची क्रिया) आत शिरते. उलटपक्षी जाड भाग फार जलद थंड केल्यास बाहेरील थर आधी आकसून आत प्रतिबले शिल्लक राहतात व यंत्रण करताना तो भाग वेडावाकडा होतो. यावर उपाय म्हणून पत्रे व पट्ट्या थंड केल्यावर सुमारे दीड ते तीन टक्के ताणतात.

(३) कालपक्वन : थंड केलेली मिश्रधातू सामान्य तापमानास तशीच मुरू दिली, तर त्यास नैसर्गिक कालपक्वन व साधारणतः १२०° ते २००° से. पर्यंत तापवून ठेवल्यास कृत्रिम कालपक्वन म्हणतात. तापमान व वेळ या दोहोंची निवड महत्त्वाची असते. ४% तांब्याच्या मिश्रधातूला १३०° से. ला शिखर गाठण्यास अनेक दिवस लागतात, तर १९०° से. ला सुमारे एक दिवस पुरतो. परंतु दुसऱ्या बाबतीत शिखराची उंची कमी भरते, कारण जास्त तापमानास अंकुर कमी संख्येने निर्माण होतात.

मऊ स्थिती हवी असल्यास उलट मार्ग घेतात. सुमारे ४००° से. पर्यंत तापवून मिश्रधातू भट्टीतच सावकाश थंड करतात. याला अनुशीतन म्हणतात. १% मॅग्नेशियम व ०·६% सिलिकॉन असलेल्या एका बहुप्रचलित मिश्रधातूचे शरणबल अनुशीतित स्थितीत सुमारे ५५ मेगॅपास्काल, तर कृत्रिम कालपक्वनानंतर सुमारे २७५ मेगॅपास्काल असते. धातूचे संघटन तेच असते. बदललेली असते ती फक्त तापविण्याची व थंड करण्याची रीत.

प्रमुख प्रकार : तांब्याबरोबर मॅग्नेशियम असलेल्या ड्युरॅल्युमिन वर्गातील मिश्रधातूंत तीनही मूलद्रव्यांचे संयुग अवक्षेपित होते. त्यांचे नैसर्गिक कालपक्वन चार दिवसांत बहुतांशी पुरे होते. मॅग्नेशियम-सिलिकॉन वर्गात सुईच्या आकाराचे अवक्षेप येतात. दारे-खिडक्यांच्या चौकटी, वीजवाहक तारा व मोटारींचे पत्रे यांत या मिश्रधातू वापरतात. मोटारीच्या पत्र्यास मऊ स्थितीत आकार देतात आणि रंग भाजण्यासाठी भट्टीत दिलेली उष्णताच त्याच्या कठिनीकरणास उपयोगी पडते. जस्त-मॅग्नेशियम वर्ग सर्वांत बलवान आहे. जपानमध्ये १९३६ साली या वर्गातील एक मिश्रधातू सिद्ध झाली व झीरो या लढाऊ विमानात वापरली गेली. अमेरिकेत तशीच मिश्रधातू १९४३ साली आली. लिथियमयुक्त मिश्रधातू वजनाने हलक्या असतात; अमेरिकेच्या अवकाशयानाच्या १९९८ पासून वापरात आलेल्या हलक्या बाह्य इंधनटाकीसाठी त्या वापरण्यात आल्या. केवळ मॅग्नेशियम किंवा मँगॅनीज असलेल्या मिश्रधातूंना मात्र या संस्करणाचा व्यवहारात लाभ होत नाही. त्यांचे बल थंड स्थितीत ठोकून वा लाटून वाढवितात.

व्यावहारिक महत्त्व व मर्यादा : अवक्षेपांची अवस्था काळ व तापमान यांनुसार बदलत असल्याने वापरणाऱ्यासही तिचे भान ठेवावे लागते. विमानांत बसवावयाचे ड्युरॅल्युमिन वर्गातील रिव्हेट द्रुतशीतनानंतर थोड्याच वेळात कठीण होऊ लागतात व मग ठोकताना तडकतात. म्हणून ते शून्याखालील तापमानात साठवून लागतील तसे बाहेर काढतात. थंडीमुळे अणूंची हालचाल थोपविली जाते. बसविल्यावर ते आपोआप कठीण होतात.

वितळजोडकामात (वेल्डिंगमध्ये) जोडालगतच्या पट्ट्यातील अवक्षेप काही ठिकाणी विरघळतात व काही ठिकाणी जाड होतात, त्यामुळे तेथील बल मूळच्या निम्म्याच्या आसपास येऊ शकते. सांगाड्याची जाडी ठरविताना या दुबळ्या पट्ट्याचे बल हिशेबात घ्यावे लागते. आगीत सापडलेल्या भागाचा आकार शाबूत दिसला, तरी त्याचे बल टिकून असेलच असे नाही. काठिण्य मोजल्याशिवाय तो पुन्हा वापरणे धोक्याचे असते.

जास्तीत जास्त बल हेच नेहमी इष्ट असते असेही नाही. जस्त-मॅग्नेशियम वर्गातील जाड भाग शिखरस्थितीत वापरले असता सततचे प्रतिबल व दमट हवा यांच्या संयुक्त परिणामाने त्यांना तडे जातात, असे अनुभवास आले. यासाठी मिश्रधातूला मुद्दाम शिखरापलीकडे नेण्याची रीत रूढ झाली. तीत दहा ते पंधरा टक्के बल सोडून द्यावे लागते, परंतु तडे जाण्याचा धोका पुष्कळच घटतो.

काँकॉर्ड हे स्वनातीत (ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणारे) प्रवासी विमान १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहतुकीत होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना हवेच्या दाबामुळे व घर्षणामुळे त्याचा पृष्ठभाग तापत असे. त्यासाठी तांबे, मॅग्नेशियम, निकेल व लोह असलेली व उष्णतेतही अवक्षेप दीर्घकाळ टिकविणारी मिश्रधातू निवडण्यात आली होती. तरीही विमानाच्या नाकाच्या टोकाचे तापमान १२७° से. पलीकडे जाऊ दिले जात नसे. हजारो तासांच्या उड्डाणांत कण हळूहळू वाढून सांगाडा दुबळा होऊ नये, यासाठी वेगावरच मर्यादा घालावी लागली होती. स्कँडियमासारख्या अतिमंद विसरण होणाऱ्या मूलद्रव्याचे अवक्षेप सुमारे ३००° से. पर्यंत टिकतात, परंतु स्कँडियम अतिशय महाग असल्याने त्याचा वापर मर्यादित आहे.